विमानतळाचा स्वतःचा धूर

ज्या वर्षी बंबवाल्या काकांच्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी विमानतळाने आपला धूर मोजायला घेतला. जे मोजलं जात नाही ते नसतंच, एवढं मान्य केलं की माणसाचे निम्मे त्रास मिटतात.

मोजणीला एक साहेब नेमले गेले. त्यांची पद्धत फार स्वच्छ होती. धूर कोणाच्या मालकीचा ते आधी ठरवायचं, मग मोजायचा. विमानं कंपन्यांची, म्हणून त्यांचा धूर कंपन्यांचा. (तीन हजार फुटांच्या वरचा तर आकाशाचाच.) मोटारींचा धूर प्रवाशांचा. वीज लांबून येते, तेव्हा कोळसा तिकडचा. अशी चाळणी लावता लावता विमानतळाच्या वाट्याला दोन जीपगाड्या, गवत कापायचं यंत्र आणि काकांची आग एवढंच उरलं.

काका विमानतळाच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. धावपट्टीपलीकडच्या खड्ड्यात विमानाचा लोखंडी सांगाडा होता. महिन्यातून एकदा काका त्यावर चारशे लिटर रॉकेल ओतून पेटवत आणि जवानांना विझवायला लावत. तक्त्यात या आगीचा वाटा एक्क्याऐंशी टक्के निघाला. दिवसाला एकशे साठ विमानं उडत, त्या जागेचं सगळ्यात मोठं प्रदूषण काका ठरले.

"काका, आग बंद करा," साहेब म्हणाले.

"साहेब, नवे आठ जण आलेत. त्यांनी अजून शेकोटीसुद्धा जवळून पाहिली नाही."

"पडद्यावर दाखवा. रंग अगदी हुबेहूब येतो."

"रंगाला कोण भितं? झळ लागली की पाय आपोआप मागे सरतात. दोन-तीनदा शेकून निघाल्याशिवाय माणूस तिथे टिकत नाही."

"मग हीटर लावा."

"केवढा?"

"केवढाही. वीज आपल्यात धरत नाहीत."

आग चालू ठेवू द्यावी म्हणून काकांनी तीन अर्ज केले. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याबद्दल शाबासकी. तिसऱ्याला उत्तर आलं: 'आग धोरणात बसत नाही. सराव पूर्ववत चालू ठेवावा.'

मग सांगाड्यावर खडूने 'आग' लिहून सराव होऊ लागला. पंप डिझेलवर चाले, म्हणून पाणीही मनातच. विझवायचा सरासरी वेळ तीन मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आला. (अहवालात याला कार्यक्षमता म्हटलं आहे.) लेक म्हणाली, "बरं झालं बाबा, आता रॉकेलचा वास येत नाही. घ्या दोघांना." काकांनी नातवंडं घेतली, पण लक्ष त्या आठ जणांत होतं.

आठव्या महिन्यात उतरणाऱ्या एका विमानाचं चाक फुटलं आणि पंख पेटला. बंब वेळेत पोचला. आठही जण वेळेत उतरले आणि झळ लागताच जागीच थिजले. काकांनी पाइप त्यांच्या हातून घेतला.

"पाणी सोडा रे!" एवढंच ते ओरडले आणि एकटे पंखाखाली शिरले.

एकशे बारा प्रवासी पलीकडच्या दाराने सुखरूप उतरले, काही जण बॅगांसकट. धूर नियमाप्रमाणे कंपनीच्या नावावर चढला.

धावपट्टी दोन तास दहा मिनिटं बंद होती. पुढच्या विमानाची वाट बघत तुम्ही काचेशी उभे होतात. काळा लोट तुम्हालाही दिसला, आणि उशिराची तक्रार तुम्ही तिथूनच नोंदवलीत. काका नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, वारले.