हरण्यासाठी भांडण

कमळाकरशेठ म्हात्रेंच्या नातीची, सुचिताची, हळद झाली त्या वर्षीची ही गोष्ट. खारघरची मेट्रो नुकतीच धावायला लागली होती आणि सोसायटीत कॅरमला कमळाकरशेठना हरवणारा अजून जन्मायचा होता. "माझ्यासमोर बसंल त्याला पावडर टाकाला पन टाइम नाय मिलनार!" असं ते स्वतःच सांगत.

सोसायटीचा हॉल हळदीसाठी ठरला होता. निम्म्या गावाला आवतण गेलं होतं, बेंजोवाल्याला सुपारी दिली होती. अन् हळद तोंडावर आली असताना सेक्रेटरी मनाली घाम पुसत आली.

"काका, घोळ झालाय! त्याच संध्याकाळी हॉल आपटेकाकांनाही दिला गेलाय. पंचाहत्तरी आहे त्यांची. चिठ्ठ्या टाकू या का?"

"चिठ्ठ्या कसल्या टाकतेस! कॅरम लाव. जिंकंल त्याचा हॉल!"

त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, कपाळाला हात लावला.

श्यामसुंदर आपटे म्हणजे नियमाचा माणूस. लिफ्टमध्ये सहा जण असं लिहिलंय म्हणून सातव्या आलेल्या स्वतःच्या बायकोला खाली ठेवून वर गेलेले! क्लबहाउसच्या भिंतीवरचे नियमही त्यांनीच लिहिलेले. कमळाकरशेठचा नियम एकच, तोही न लिहिलेला : आपली चूक आपणच सांगायची.

मॅच रंगली. मनाली पंच. शेवटी दोघांची एकेकच सोंगटी उरली. कमळाकरशेठ नेम धरायला वाकले आणि झब्ब्याची बाही लागून त्यांची सोंगटी सरकली ती थेट पॉकेटच्या तोंडाशी! मनाली मोबाइलमध्ये बघत होती, आपटे चष्मा पुसत होते. शेठचं बोट मात्र सवयीनं सुटलंच होतं. टक्! सोंगटी आत!

टाळ्या पडल्या. पुतळाबाई तर तिथंच नाचायला लागल्या.

"थांबा!" कमळाकरशेठ ओरडले. "माझ्या बाहीनं सोंगटी हलली. फाऊल हाय. हॉल आपटेसाहेबांचा!"

"काका, मी नाही पाहिलं!" मनाली रडकुंडीला आली.

आपट्यांनी भिंतीकडे बोट केलं. "नियम स्पष्ट आहे. पंचाने पाहिला तोच फाऊल. शेठ, तुम्ही जिंकलात."

"मी हरलो!"

"जिंकलात!"

"म्हंजे मी खोटा बोलतो?"

"मग नियम खोटा आहे?"

लोक एसटीत सीटसाठी भांडतात, तसे हे दोघे हरण्यासाठी भांडत होते!

"अवो, ते देतान तं घ्या ना!" पुतळाबाई कडाडल्या. "पावनं काय माझ्या डोक्यावर बसवू?"

"अहो, ते सोडतायत तर घ्या ना!" इकडून आपट्यांची बायको, जयमालाबाई. "पुण्याचे व्याही कुठे बसवू?"

"इमान इकून लावलेली हलद पोरीला चढंल का?" शेठ म्हणाले.

"स्वतःचा नियम मोडून मी पंचाहत्तरीचा होणार नाही!" आपटे म्हणाले.

"मग राहा चौऱ्याहत्तरचेच!" जयमालाबाई म्हणाल्या.

शेवटी मनालीनं टेबल वाजवलं. "दोघांनाही हॉल नकोय ना? मग यादीत पुढचं नाव ज्याचं असेल त्याला तो जातो. नियम आहे तसा."

"असला नियम लिवला कोनी?" शेठनी विचारलं.

आपट्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. "मीच."

पुढचं नाव होतं चौथ्या मजल्यावरच्या सौरभचं. त्याच्या कुत्र्याचा पहिला वाढदिवस होता!

मग पुतळाबाई आणि जयमालाबाईंनी नवऱ्यांना न विचारता पार्किंगमध्ये एकच मांडव घातला. एका कोपऱ्यात सुचिताला हळद लागली, दुसऱ्या कोपऱ्यात आपट्यांचं औक्षण झालं. पुण्याचे व्याही बेंजोवर असे नाचले की त्यांची कंबर आठवडाभर खारघरातच राहिली. आणि वर, एसी हॉलमध्ये, कुत्रा ऐसपैस झोपला होता.

ती मॅच नक्की कोण हरलं, यावर दोघे पुढं रोज संध्याकाळी कॅरमवर बसून वाद घालत. दोघांनीही शेवटपर्यंत हार सोडली नाही. श्यामसुंदर आपटे गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, वारले.