साखरेच्या फुलांचा कौल

माधुरीने सुपावरचं मलमलचं फडकं उचललं आणि ती बोटाने मोजू लागली. साखरेची फुलं पुन्हा कमी झाली होती. धसईच्या एका साखरपुड्याच्या केकसाठी आयसिंगचे गुलाब करून तिने ते आतल्या खोलीत वाळत घातले होते. केक आवडला तर लग्नाच्या केकचं कामही तिलाच, असा शब्द मिळालेला. आणि इथे रोज कोणीतरी गुलाबांवर हात मारत होतं.

मुंग्या असत्या तर कणी तरी सांडली असती. नवरा पंकज गोडाला शिवत नसे. उरली शेजारची सुंदरा. तिनेही माधुरीबरोबरच शहापूरला केकचा क्लास केला होता, आणि परवा विरजण मागायला आली तेव्हा तिची नजर वाटीपेक्षा सुपावरच जास्त होती. शिवाय अख्ख्या सापगावात विरजण काय एकट्या माधुरीकडेच होतं?

"आई, खोलीला कुलूप घाला. चावी तुमच्याच कमरेला ठेवा," ती सासूबाईंना म्हणाली. विश्वास टाकावा असं दुसरं होतंच कोण?

"ठेवते," अंबूबाई म्हणाल्या. "आन् देवाला कौल पन लावते. चोर कोन ते तोच सांगंल."

देवाला ओलं फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. एरवी माधुरी या प्रकाराला हसायची. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस कुठलाही दरवाजा ठोठावतो. "आजच लावा," ती म्हणाली.

संध्याकाळी अंबूबाई तोंड पाडून परतल्या. "सुंदराचं नाव घेऊन लावला. डावं नाय, उजवं नाय. फूल हालतच नाय."

"मंग तीच," माधुरी म्हणाली. "शेजारीन हाय म्हनून देव गप बसला."

सकाळी कुलूप जागच्या जागी होतं आणि गुलाब आणखी कमी. माधुरी तडक सुंदराच्या ओट्यावर गेली.

"दुसरी चावी कुठं बनवलीस गो?"

"कसली चावी?"

"माज्या खोलीची. फुलं चोरायला."

सुंदराने हातातला झाडू खाली ठेवला. "चल देवळात. देवावर हात ठेवून सांगते."

अर्धी आळी मागोमाग निघाली. देवळात सुंदराने देवावर ठेवायला हात उचलला तो तसाच हवेत राहिला. देवाच्या कपाळावर, खांद्यांवर, छातीवर गुलाबी गुलाब गच्च बसले होते. शेजारी पाण्याची वाटी घेऊन अंबूबाई.

"आई, ही तर माजी फुलं."

"मंग? ही कोमेजत नायत म्हनून आनली. पयला कौल तुज्याच धंद्याचा लावला, चालंल का नाय म्हनून. देव बोलंना, मंग आनखी आनली. काल चोराचा लावला."

"पन फुलं तुमीच नेत होतात ना?"

"देवाला नेलेलं चोरीत धरतात का?"

ओलं आयसिंग डिंकासारखं धरतं, हे देवाला तरी कुठे माहीत होतं? माधुरीला राग आला होता, पण पहिला कौल आपल्यासाठीच लावलेला ऐकून तिचे डोळेही भरले. साखरपुडा तोंडावर आला होता आणि एकटीच्या हाताने एवढी फुलं पुन्हा होणं शक्य नव्हतं. तिने खाली मान घालून सुंदराला विचारलं, "दोघी मिळून करूया का गो?"

सुंदराने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अंबूबाईंच्या कमरेच्या चावीकडे.

"करू की," ती म्हणाली. "वाळत मातर माज्या घरी घालायची. तुमच्याकडं चोऱ्या व्हतात."