पहिली पत्रिका आणि सैल चिप

कोयनानगरच्या कॉलनीत शरच्चंद्र घरीच लग्नपत्रिका छापून देत. मेव्हण्याने विलायतेहून आणलेला छोटा संगणक त्यांच्याकडे होता. आर्म नावाच्या चिपवर चालणारा, कीबोर्डच्या पोटातच सगळा मावलेला. त्या दिवशी सकाळी चालू केला, तर पडदा आधी जांभळा झाला, मग लाल झाला आणि लालच राहिला.

समोर हंबीरराव बसलेले. मुलीची पहिली पत्रिका आज दिवस मावळायच्या आत देवापुढे ठेवणार, असं ते भावकीत सांगून बसले होते.

"बूट होत नाहीये," शरच्चंद्र म्हणाले.

हंबीररावांनी उंबऱ्याबाहेर बघितलं. "माज्या तर चपला हायत. बूट तुमचंच असत्याल."

असली यंत्रं उघडायची हिंमत असणारा माणूस सांगलीत एकच, इलियास. फोन गेला, आणि घाटाची सगळी वळणं पोटात घेऊन तो दुपारी पोचला. त्याची कामाची रीत बघत राहावी अशी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं. डिस्क काढली; लाल. वायर बदलली, लाल.

"आता डिलीटचं बटण दाबून धरा, मी चालू करतो," तो म्हणाला.

"डिलीट म्हंजी पुसणं न्हवं का?" हंबीरराव पुढे सरकले. "पोरीचं लगीन पुसू नगा."

तरीही लालच. इलियासने स्विच बंद केला. "डिस्कचा दोष नाही. ह्याची ऑपरेटिंग सिस्टीम ह्या चार चिपांत असते. एखादी सैल झालीय." झाकण उघडून त्याने दोन्ही अंगठे चिपांवर टेकवले. "पण बसल्या जागी सैल होईलच कशानं?"

उत्तर जमिनीने दिलं. मांडणीवरची भांडी वाजली, खिडकी थरथरली. चिपांवरच सगळा भार देऊन इलियास उठला आणि तडक अंगणात गेला. आतलं कुणी जागचं हललं नाही; कोयनेला असले भूकंपाचे धक्के सवयीचे.

शरच्चंद्रांच्या पत्नी शरयूबाईंनी हातातल्या चहाच्या कपात बघितलं. "सांडला नाही. तीन रिश्टरच्या आतला."

"अडीच," शरच्चंद्र म्हणाले.

"आवं, पर त्यो कुटं गेला?" हंबीररावांनी विचारलं.

काही तरी करावं म्हणून शरयूबाईंनी संगणकाचा स्विच टाकला. पडदा जांभळा झाला, लाल झाला, आणि पुढे सुखाने सुरू झाला. इलियास परत आला तेव्हा प्रिंटरमधून पत्रिका निघत होती.

"उठताना अंगठ्यांचा जोर पडला," त्याने सांगितलं. "चिप बसली."

"म्हंजी तुमी पळालासा म्हणून झालं."

"पळालो म्हणून नाही हो. दाबली म्हणून."

"न पळता यवडी दाबली असती का?"

इलियासने विचार केला. माणूस प्रामाणिक. "नसती," तो म्हणाला.

पत्रिका वेळेत देवापुढे पोचली. दिवाळीनंतर सांगलीला पुन्हा फोन गेला.

"इलियासभाई, परत लाल."

"झाकण उघडा, चिपा अंगठ्यानं दाबा. तुम्हालाही जमेल."

"दाबल्या हो मघाशीच," शरच्चंद्र म्हणाले. "पण आमच्या कॉलनीत आता पळतं कोण? तुम्हीच या."