तीन भोकांचा टोप

रविवार, चौदा मे १९९५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पेणकरपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आत्माराम मोरे यांनी जर्मनच्या टोपाला तिसरं भोक पाडलं.

पहिलं भोक तळाला होतं, पंख्याच्या दांड्यासाठी. दुसरं बाजूला, धूर सोडायला. तिसरं वरच्या अंगाला, इंजिनाच्या डोक्यासाठी. टोप पुढून सरकवताना हे डोकं आडवं येत होतं, म्हणून तिसरं भोक त्यांनी पार मागच्या कडेपर्यंत चिरत नेलं. मग टोप विमानाच्या तोंडावर चढवला. तो असा बसला, की जणू विमान जन्मालाच टोप घालून आलं होतं.

विमान उत्तनजवळच्या तारोडीच्या फ्रँकचं होतं, रिमोटवर उडणारं. चार हात लांब पंख, दोन वर्षांची मेहनत. पंख तारोडीला होते, धड इथे पलंगावर. फ्रँकच्या भावाने बोटीवरून येताना फोर स्ट्रोक इंजिन आणलं होतं. साध्या इंजिनापेक्षा ते उंच, कारण त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्हचा सगळा संसार. ते झाकेल असं नाक कुठे मिळेना. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं साचे बसवणारे डाय फिटर असलेले आत्माराम तेव्हा म्हणाले होते, "नाक माझ्याकडे लागलं. अर्ध्या मिलीमीटरचा फरक निघाला तर नाव बदलीन."

माळ्यावरचं एखादं जुनं भांडं घेऊ का, असं त्यांनी पंचशीलाबाईंना रीतसर विचारलंही होतं. "घ्या की," त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या मनात गळकं पातेलं होतं. आत्मारामांनी पाच भांड्यांना मापाचा व्हर्निअर लावला. गळकं पातेलं चार मिलीमीटर कमी भरलं. कागदात गुंडाळलेला टोप तंतोतंत होता. कापायची रेघ सरळ यावी म्हणून त्यांनी काठाला गोल चिकटपट्टी लावली आणि शनिवारी संध्याकाळी काठ वेगळा केला.

सात पंचवीसला पंचशीलाबाई आतून आल्या.

"अहो, बाबांचा टोप काढून ठेवा. आई नऊला येतेय. विहारात पहिली खीर त्यातच जाते."

"कुठला टोप?"

"माळ्यावरचा. कागदात गुंडाळलेला."

आत्मारामांनी खिडकीत ठेवलेली काठाची कापलेली कडी उचलली आणि चिकटपट्टी सोलली. खालून एकेक अक्षर वर आलं. कालकथित सीताराम धर्माजी जाधव यांच्या स्मरणार्थ. तुळसाबाई.

सीताराम म्हणजे आत्मारामांचे सासरे, तुळसाबाई सासूबाई. दर बुद्धपौर्णिमेला तुळसाबाई याच टोपात खीर करून विहारात ठेवायच्या. आज बुद्धपौर्णिमा होती.

"नाव वाचायचं नाही का आधी?" पंचशीलाबाई खाली बसल्या.

"पट्टी लावली होती."

"पट्टी लावायच्या आधी?"

"आधी माप घेत होतो."

"सांधता येईल?"

"काठ येईल. उद्या, कारखान्यात. पण भोकं..." त्यांनी टोपाकडे पाहिलं. चिरलेल्या भोकातून इंजिनाचं डोकं त्यांच्याकडे पाहत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. नऊला येणाऱ्या तुळसाबाई साडेसातलाच दारात उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत तांदूळ आणि गूळ.

आत्मारामांनी विमानावर चादर टाकली. पंचशीलाबाईंनी कडी माठाखाली सारली. कारखान्यात मोजून बनवल्यासारखी ती माठाला बसली.

"चादरीखाली कोण झोपलंय?" तुळसाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही आई. सामान आहे. फ्रँकचं."

"नाक वर करून झोपलंय सामान." त्या माठाकडे गेल्या, पाणी प्यायल्या, जरा जास्तच वेळ प्यायल्या. "टोप दे गं शीला."

पंचशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आत्मारामांनी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता वाक्य टाकलं. "टोप तारोडीला आहे. फ्रँककडे."

"तिकडे कशाला?"

"त्यांच्यात फादर होडीवर पाणी शिंपडतात ना, आशीर्वादाचं. आज दहा वाजता आहे. म्हटलं, आपल्या टोपावरही पडू दे."

"बाबांच्या टोपावर फादरचं पाणी?" पंचशीलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पडू दे की," तुळसाबाई म्हणाल्या. "पाणीच आहे. आपण पण जाऊ. तिथूनच घेऊन विहारात."

आठ वाजता फ्रँक स्कूटर घेऊन आला. तुळसाबाई आत होत्या. चादर उचलून त्याने नाक पाहिलं आणि आत्मारामांना मिठीच मारली. "काय काम केलंस रे. जपानवाला पण लाजेल."

आत्माराम त्याला जिन्यात घेऊन गेले. "फ्रँक, हे नाक काढ. बिननाकाचं उडव."

"वेडा हाय काय तू? फादरला सांगून ठेवलंय. अख्खी तारोडी येतेय चर्चमधली मिसा सुटल्यावर. बिननाकाचं दाखवू?"

"तो टोप सासूबाईंचा आहे."

"मग बरंच हाय. त्यांना पुढे उभं करू." फ्रँकने चादरीसकट विमानाचं धड पाठीला बांधलं आणि तो गेलासुद्धा.

मागून रिक्षात तिघं. तुळसाबाई मध्ये, मांडीवर पिशवी. उत्तनपर्यंत त्यांनी पिशवीवरचा हात काढला नाही. आत्माराम मनातल्या मनात भोकं मोजत होते. दर वेळी तीनच भरत होती.

तारोडीच्या माळावर पंख जोडून विमान उभं होतं. फ्रँकची बायको क्लारा लोकांना मागे सारत होती. फादरनी होडीवर शिंपडतात तसं पाणी शिंपडलं, नाकावर दोनदा.

"टोप कुठाय?" तुळसाबाईंनी विचारलं.

"येईल आता, आई," आत्माराम म्हणाले.

फ्रँकने पंखा फिरवला. फोर स्ट्रोक साध्या इंजिनासारखं किंचाळत नाही. भारदस्त आवाजात घुमू लागलं. विमान माळावरून धावलं आणि उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

दोन फेऱ्या झाल्यावर फ्रँकच्या कपाळावर आठी आली.

"आत्माराम, वेग कमी न्हाय होत."

"म्हणजे?"

"इंजिन हळू करायची तार. अडकलीय कुठेतरी."

आत्मारामांना ती जागा लगेच दिसली. तिसऱ्या भोकाची डावी कड. डोक्याला जागा ठेवली होती. धुराला ठेवली होती. तारेला ठेवली नव्हती. अर्धा मिलीमीटर.

"तेल संपेपर्यंत फिरवत ठेव," ते म्हणाले. "मग आपोआप उतरेल."

"जावईबापू," मागून तुळसाबाईंचा आवाज आला. "हे काय?"

त्यांच्या हातात कडी होती. माठाखालची. पाणी पिताना काढून पिशवीत घातलेली, तांदळाच्या खाली.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"काठ माहीत होता. उरलेला टोप कुठाय ते विचारतेय मघापासून."

पंचशीलाबाईंनी बोट वर केलं.

तुळसाबाईंनी वर पाहिलं. विमान डोक्यावरून गेलं, पुढे टोप उन्हात चमकत. मग त्यांनी फ्रँकचा दंड घट्ट धरला. "उतरव त्यांना खाली."

दंड हलला, रिमोटची दांडी हलली आणि विमानाने तोंड समुद्राकडे केलं. फ्रँकने हात सोडवून घेईपर्यंत ते रिमोटच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. आवाज लहान होत गेला. दहा बावन्नला ठिपका दिसेनासा झाला.

आत्माराम सासूबाईंच्या तोंडाकडे पाहायला धजेनात.

"हे पण असेच," तुळसाबाई समुद्राकडे बघत म्हणाल्या. "सांगून कधी गेले नाहीत कुठे."

संध्याकाळी विहारात खीर गेली. टोप शेजारच्या मनोरमाबाईंचा होता. तुळसाबाईंनी त्याच्याभोवती कडी बसवली, नाव समोर येईल अशी. कडी जरा सैल पडत होती. किती, ते आत्माराम डोळ्यांनीच मोजत होते.

मंगळवारी सकाळी, विमान हरवल्याचं ऐकून, वरसाव्याचा एक माणूस कारखान्यात सांगायला आला. पुलाखाली, खाडीच्या गाळात, ओहोटीला एक जर्मनचं भांडं चमकताना दिसलं म्हणाला. पंख दिसले नाहीत.

"भोकं किती होती?" आत्मारामांनी विचारलं.

त्याने मोजली नव्हती. तोवर भरती आली होती.