हात माझा, आकडा बायकोचा

मला झटका आला आणि डावा हात गेला. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण लग्नघरच्या पाहुण्यासारखा नुसता बसून असतो. पायाचं बरं आहे, काठी धरून चार पावलं टाकतो.

दवाखान्याने व्हीलचेअर दिली आणि तिच्या डाव्या बाजूला एक दांडा बसवला. हात पट्ट्याने दांड्याला बांधायचा, दांडा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. एक फेरी झाली की छोट्या पडद्यावर आकडा वाढतो. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "आजोबा, शुक्रवारपर्यंत हजार फेऱ्या. नाहीतर दांडा दुसऱ्या पेशंटला देईन. रांग लागलीय."

मला दांडा हवा होता. तीन महिने माझ्या पॅन्टची बटणं बायको लावते, तीही खिडकीतून शेजारणीशी गप्पा मारत. माणसाला काही अब्रू असते की नाही?

पण विसाव्या फेरीलाच खांदा बोंबलायचा. गुरुवारी दुपारी आकडा होता दोनशे साठ. बायको मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. पॅडल कसं मजेत खालीवर चाललं होतं. (शाळा चौथीत सोडली, डोकं नाही.)

"अगं, हा दांडा तुझ्या पॅडलला बांधू. नाहीतरी तू शिवतेच आहेस."

"हात तुमचा नि पाय माझा?"

"नवराबायकोत एवढं बघतात का?"

एका बाजूने नाडी बांधली, दुसऱ्या बाजूने इलास्टिक. हात सोडवून मांडीवर ठेवला आणि जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर चार हजार तीनशे बारा.

शुक्रवारी बाई घरी आली. तिने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "आजोबा, तुम्ही तर ठणठणीत झालात. मग दांडा आजच घेऊन जाते."

"ठणठणीत कसला?" मी म्हणालो. "हे बघा." आणि डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायला घेतलं. पाच मिनिटं झाली, बटण काजाच्या गावालाही पोचलं नाही.

"मग चार हजार केले कुणी?"

बायकोला गप्प बसणं कधी जमलंय? "मी केले. ह्या पायाने," म्हणाली आणि गुडघा दाखवला. चांगला टम्म सुजला होता.

बाईने गुडघा दाबून पाहिला. मग माझ्याकडे वळली. "खरे किती?"

"दोनशे साठ."

"खरं सांगितलंत म्हणून दांडा अजून पंधरा दिवस ठेवते. पण आजींनी आठवडाभर पायावर जोर द्यायचा नाही. उठा, खुर्ची द्या त्यांना."

आता दांड्याच्या वेळेपुरती खुर्ची माझी, बाकी दिवसभर तिची. मी स्टुलावर. बर्फाची पिशवी डाव्या हाताने तिच्या गुडघ्यावर ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. बाईने हा जादा व्यायाम लावलाय, रोज पन्नास वेळा. याला पडदा नाही, बायको मोजते. चाळिशीच्या आसपास तिला काहीतरी बोलायचं आठवतं, ती आकडा विसरते, आणि पुन्हा एकपासून सुरू करते.