लंबूची तोंडी परीक्षा आणि काकूंची मालिका

"मराठी शिकायला क्लास कशाला हवा? टीव्हीसमोर बसवा. वर्षाच्या आत पोपटासारखा बोलायला लागेल!"

काकूंनी हे जाहीर केलं ते थेट आपल्या दिरासमोर. दीर परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषेचा क्लास चालवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. काकूंच्या वरच्या खोलीत असाच एक परदेशी विद्यार्थी भाड्याने राहायला आला होता. दाढीवाला, आणि इतका उंच की रोज दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घ्यायचा. काकूंनी त्याचं नाव ठेवलं लंबू. वर्षाअखेरीला त्याची मराठीची तोंडी परीक्षा होती. पास झाला तर पुढच्या वर्गात, नाही तर गाशा गुंडाळून मायदेशी!

"वहिनी, पोराच्या आयुष्याशी खेळू नका," मास्तर कळवळून म्हणाले.

"भावोजी, तुमची मुलं अजून 'हे पुस्तक आहे'च्या पुढे सरकलेली नाहीत. माझा लंबू बघाच!"

त्या दिवसापासून लंबू रोज संध्याकाळी काकूंच्या शेजारी बसून मालिका पाहू लागला. मालिका चालू असताना काकू बोलत नसत आणि कुणाला बोलू देत नसत. जाहिराती लागल्या की मात्र धडा सुरू. ही थोरली जाऊ, ही धाकटी, ही आगलावी नणंद. लंबू मान डोलवायचा आणि ऐकलेलं घोकत बसायचा. काकांच्या बातम्या कायमच्या बुडाल्या, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्या घरात तशी पद्धतच नव्हती.

बघता बघता लंबू घडाघडा बोलू लागला. काकूंना आकाश ठेंगणं झालं! परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी मुद्दाम मास्तरांना चहाला बोलावलं. दार लंबूनेच उघडलं.

"या ना, भावोजी! मी आत्ताच कामं उरकून बसले होते. थांबा हं, चहा टाकते!"

मास्तर दारातच मटकन बसले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चूक लंबूची नव्हतीच. मालिकेत बोलायच्या त्या बायकाच. पुरुष नुसते खाकरायचे. घरातही काकूच बोलायच्या. मग बिचारा 'करतो, जातो' शिकणार कोणाकडून?

"वहिनी, हा असा 'येते-जाते' करत परीक्षेला गेला तर परीक्षक खुर्चीवरून खाली पडतील!"

"अजून आठवडा आहे," काकू म्हणाल्या. माघार हा शब्द त्यांच्या मराठीत नव्हता. त्यांनी चॅनेल बदललं आणि संध्याकाळची मालिका तेवढी राखून लंबूला दिवसभर मारामारीच्या सिनेमांपुढे बसवलं. तिथे पुरुषच पुरुष, आणि सगळेच ओरडणारे!

'करते'चं 'करतो' झालं, पण सोबत नको ते सामानही आलं. एके सकाळी दूधवाल्याला उशीर झाला. लंबू त्याच्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "उद्या वेळेवर आला नाहीस तर जिवंत सोडणार नाही!" दूधवाला पिशव्या टाकून पळाला तो दुसऱ्या दिवशी अंधारातच हजर. काका म्हणाले, "चला, काहीतरी फायदा झाला."

परीक्षेला काकू सोबत गेल्या. खोलीचं दार किलकिलं होतं आणि बाहेरच्या बाकावर मास्तर परीक्षा देऊन आलेली क्लासातली मुलं घेऊन बसले होते. आत परीक्षक म्हणून एक करड्या आवाजाच्या बाई आणि एक किडकिडीत सर.

"बसा," बाई म्हणाल्या.

"मी कुणाच्या हुकमाने बसत नाही!" लंबू अदबीने म्हणाला आणि बसला.

"नाव काय आपलं?"

"नाव ऐकशील तर झोप उडेल!"

सरांनी खुर्ची मागे सरकवली. बाहेर मास्तर पुटपुटले, "वहिनी, सामान बांधायला घ्या."

काकू दाराच्या फटीपाशी धावल्या. बढाई गेली चुलीत, पण पोराचं वर्ष? कुठून कुठून शिकायला आलेलं लेकरू, आणि आपल्या हट्टापायी त्याचं वाटोळं! त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात बाईंनी ठेवणीतला प्रश्न काढला. याच प्रश्नावर मास्तरांची मुलं एकामागून एक आडवी झाली होती.

"नवऱ्याच्या बहिणीला काय म्हणतात?"

लंबूचा चेहरा उजळला. "नणंद! तोंडावर वन्सं म्हणायचं, पाठीमागे काहीही! पण ही वन्सं माहेरीच ठाण मांडून बसलीय, नवऱ्यालाही घरजावई करून आणलंय. आणि थोरली जाऊ तिला सामील! स्वतःचे दागिने धाकटीच्या उशीखाली ठेवले, आणि आळ घेतला तिच्यावर!"

बाई पुढे झुकल्या. "अहो, म्हणजे तुम्ही ती बघता? मग काल काय झालं? या परीक्षेपायी माझा भाग बुडाला!"

मग काय विचारता! लंबू उठून उभा राहिला. धाकटीचं "मी जाते" रडत, दिराचं "मी बघतो" गरजत, सासूबाईंचं "नाचता येईना अंगण वाकडं" नाक मुरडत. कोण कोणाला अरे म्हणतं, कोण कोणाला अहो, एक काना-मात्रा चुकली नाही! सर खुर्ची ओढत पुढे आले. "पण मामंजींना खरं कळलं का?"

"मामंजी नुसते खाकरले!" लंबू म्हणाला.

दुपारी निकाल लागला. लंबू पहिला! काकूंनी भर व्हरांड्यात त्याला खाली वाकायला लावून त्याची दृष्ट काढली. मास्तरांनी हात जोडले. "वहिनी, माझ्या क्लासात शिकवायला याल?"

"टीव्ही आहे का तुमच्याकडे?" काकूंनी विचारलं.

संध्याकाळी काकूंनी थाटात मालिका लावली. लंबूने सगळा भाग कान देऊन ऐकला. जाहिराती लागल्या तसा तो घसा साफ करून म्हणाला, "काकू, राग मानू नका. आजवर मला निम्मंच कळायचं, म्हणून मजा यायची. आज शब्द न् शब्द कळला."

"मग?" काकू कौतुकाने म्हणाल्या.

"ही मालिका अगदीच भिकार आहे हो!"

वर्तमानपत्रामागे काका गदगदा हलू लागले. काकू ताडकन उठल्या.

"एवढं मराठी कोणी शिकवलं रे तुला?"