फौजदाराच्या गळ्यातलं घुंगरू

सोनालीनं बॅग दारात आणून ठेवली आणि बापाला निक्षून सांगितलं, "आप्पा, एक तर ह्या घरात फौजदार राहील, न्हाय तर माझं लेकरू. तुमीच ठरवा."

फौजदार म्हणजे बब्रुवानआप्पांचं कुत्रं. नाव भारदस्त, पण अंगापिंडानं मांजराएवढं. नळदुर्गच्या एका ढाब्यामागून आप्पांनी ते सदऱ्याच्या खिशात घालून बेंबळीला आणलं होतं. आणि नातू रणधीर नुकताच रांगायला लागलेला, पहिल्यांदाच आजोळी राहायला आलेला. कुणाला सोडायचं म्हटलं तरी आप्पांचा जीव तुटत होता.

शेवटी त्यांनी आढ्याला टांगलेली बैलांची जुनी घुंगुरमाळ उतरवली. तिच्यातलं एक घुंगरू फौजदाराच्या गळ्यात बांधलं आणि म्हणाले, "आता ह्ये कुठंबी असलं तरी कळंल. घुंगरू वाजलं की पोराला उचलायचं."

सोनालीनं बॅग आत नेली, पण उघडली नाही. कुत्रं एकदा जरी पोराजवळ दिसलं तरी संध्याकाळची एसटी धरणार, असं तिनं बजावलं.

त्या दिवसापासून घराचे नुसते कान झाले. घुंगरू वाजलं की आजी तुळजाबाई भाकरी तव्यावर सोडून पळायच्या. नातवाच्या पाठीवर कायम पिठाचे पंजे उमटलेले असत आणि घरात सगळे करपलेली भाकरी मुकाट्यानं खात.

एके दुपारी मायलेकी शेजारी शेवया करायला गेल्या. रणधीर आत वाकळेवर झोपला होता आणि आप्पा ओसरीवर राखणीला बसले होते. घुंगराचा आवाज नाही, म्हणजे कुत्रं बाहेर कुठंतरी उंडारतंय, असा हिशेब करून ते निवांत सुपारी कातरू लागले.

तेवढ्यात घुंगरू वाजलं. आतून.

 काठी घेऊन आप्पा आत धावले, तर वाकळ रिकामी. घुंगरू पुन्हा वाजलं, ते बाजेखाली. पाठोपाठ कुणीतरी कण्हल्यासारखा बारीक आवाज आला. आप्पांना खाली वाकवेना. तुळजाभवानीला नारळ कबूल करून त्यांनी कसंबसं डोकं बाजेखाली घातलं.

फौजदार भिंतीला चिकटून थरथरत होता. त्याचा एक कान रणधीरच्या मुठीत होता आणि गळ्यातलं घुंगरू रणधीरच्या तोंडात. कुत्र्यानं आप्पांकडं अशा नजरेनं पाहिलं, की काठी त्यांच्या हातातून आपोआप गळाली.

वळून बघतात तर दारात सोनाली. आता बॅग निघणार, म्हणून आप्पांनी मान खाली घातली.

 सोनालीनं गुडघ्यावर बसून पोराला बाहेर ओढलं, त्याची मूठ उघडली. मुठीत चिमूटभर केस निघाले.

"आप्पा, कुत्रं पोराजवळ येईस्तवर घुंगरू कसं वाजलं न्हाय?"

"ते बिचारं हाललंच न्हाय, तर वाजंल कसं?" आप्पा म्हणाले. "आपलं पोरगंच रांगत त्याच्याकडं गेलं, बाई."

 सोनालीनं फौजदाराच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं, धुतलं आणि रणधीरच्या करदोट्याला पाठीमागं घट्ट बांधलं. संध्याकाळी बॅगेतले कपडे दांडीवर आले.

आता घरात घुंगरू वाजलं, की फौजदार तोंडातली भाकरी टाकून आप्पांकडं धावतो, आणि ठरल्याप्रमाणे आप्पा त्याला उचलून घेतात.